सोनोग्राफीच्या खोलीत दचकू नये

ज्यांना ऑफिसात दिवसभर बोलावं लागतं ते घरी जाऊन गप्प बसतात. आमचं उलटं आहे. आमच्याकडे काय बोलायचं नाही याचीच दिवसभर काळजी घ्यावी लागते, आणि ते न बोललेलं सगळं साठत जातं. मग मैत्रिणी भेटतात, चहा येतो, कुणीतरी म्हणतं, "प्रज्ञा, सांग ना हॉस्पिटलातलं काहीतरी," आणि मला थांबवणं अवघड होतं. पेशंटची खरी नावं मात्र विचारायची नाहीत. ती सांगायलाही बंदी आहे.

आमचं हॉस्पिटल म्हणजे भिवंडीत कल्याण नाक्याच्या अलीकडे एका इमारतीचा पहिला मजला. खाली मेडिकल, मागे लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने. बाळंतपणं होतात, सोनोग्राफी होते, सरकारमान्य गर्भपात केंद्रही आहे. डॉक्टर एकच, आमच्या मॅडम. नर्स म्हणजे शबाना सिस्टर. मी समाजकार्याची पदवी घेऊन काउन्सेलर म्हणून लागले, आणि महिन्याभरात फोन, प्रिंटर, पाण्याचे जार, सगळं माझ्याकडे आलं.

माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगते. मी दचकते. कशालाही. लूम चालू असताना त्यांच्या आवाजाला दचकते, आणि लाईट गेली की एकदम पडलेल्या शांततेला दचकते. घरी, खारबावला, आई म्हणते, "हिला उठवायचं असेल तर लांबून उठवा."

*

पहिल्या दिवशी मॅडमनी मला भिंतीवरच्या पाटीसमोर उभं केलं आणि कायदा समजावला. पोटातलं बाळ मुलगा आहे की मुलगी, हे कुणालाही सांगायचं नाही. शब्दांनी नाही, खुणांनी नाही आणि इतर कुठल्याही प्रकारे नाही.

शब्द आणि खुणा यांचं मला काही वाटलं नाही. माझी झोप उडवली ती त्या 'इतर कुठल्याही प्रकारे'ने. इतर प्रकार म्हणजे किती प्रकार?

दुसऱ्याच दिवशी कळलं. सोनोग्राफीच्या खोलीत मी माहिती भरायला बसले होते. टेबलावर एक शाळेतल्या बाई होत्या. मॅडम शांतपणे तपासत होत्या. तेवढ्यात यूपीएस किंचाळला आणि मी, "अगं आई गं!"

बाईंनी झोपल्या झोपल्या मान उचलली. "मुलगी आहे ना?"

मॅडमनी हातातलं यंत्र खाली ठेवलं. "प्रज्ञा, खुर्ची फिरव."

तेव्हापासून मी त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसते. भिंतीवर लसीकरणाचा तक्ता आहे. कुठल्या महिन्यात कुठली लस, हे आता मी झोपेत सांगू शकते. तेवढं सांगायला बंदी नाही.

*

याच सुमारास सविता आली. वडप्याची. सासऱ्यांच्या जमिनीवर आता गोडाऊन उभं आहे आणि नवरा तिथल्या गाड्यांचं बघतो. आधीच्या दोन मुली. तिसऱ्या खेपेला सासूबाई बरोबर आल्या होत्या. त्यांना आपण जनीबाय म्हणू.

बीपी बघताना सविता हळूच म्हणाली, "ताई, आईंना जरा बाहेर बसवा ना."

जनीबाय बाहेर गेल्या. सविताने दार लागल्याची खात्री केली.

"मॅडम, मला हे बाळ पाहिजे. कुठलंही असू दे. तुम्ही सांगणार नाही ते मला माहितीये. पण मुलगी आहे असा घरात नुसता संशय आला ना, तर मला दुसरीकडे नेतील. कुणीतरी डॉक्टर बघून ठेवलाय. मी नाहीच म्हणणार. पण एकटीने किती दिवस नाही म्हणायचं?"

मॅडमनी तिचा हात धरला. "तुझ्या सहीशिवाय तुला कुणी हात लावू शकत नाही. नवऱ्याची सही चालत नाही, सासूची चालत नाही. हे मी मोठ्याने सांगू शकते." आणि खरंच एवढ्या मोठ्याने सांगितलं की बाहेर खोकल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आणि दुसरं म्हणजे, माझ्या तोंडून काही बाहेर जाणार नाही."

"तोंडाचं नाही मॅडम," सविता म्हणाली, "चेहऱ्याचं बघा."

आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

*

आमच्या मॅडम स्वभावाने भयंकर बोलक्या. भाजीवाल्याशी अर्धा तास, बँकेत पाऊण तास. पण सोनोग्राफी करताना गप्प. आणि डॉक्टर गप्प झाली की पेशंटला घाम फुटतो. "काही प्रॉब्लेम आहे का मॅडम?"

म्हणून मॅडमनी तोड काढली. तपासताना त्या रेसिपी सांगायला लागल्या. आज सोड्यांची खिचडी, उद्या कैरीची डाळ. पेशंट खूश, मॅडम खूश.

एक दिवस मी बाहेर बाकड्यावर बसलेल्या बायकांचं बोलणं ऐकलं. "तुला काय सांगितलं?" "चिंचेचं सार." "मग मुलगा. आंबट सांगितलं की मुलगा. माझ्या जावेला खीर सांगितली होती, झाली ना मुलगी."

मी पळत जाऊन मॅडमना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. तेव्हापासून त्या तपासताना फक्त भिवंडीतल्या खड्ड्यांबद्दल बोलतात. त्यावरून कुणालाही कसलाही अंदाज बांधता येत नाही. पुढचा रस्ता कधी होईल, याचासुद्धा.

*

जनीबाय दर खेपेला यायच्या, आणि दर खेपेला नवीन युक्ती आणायच्या. एकदा त्यांनी माझ्या टेबलावर दोन साड्या ठेवल्या. एक हिरवी, एक पिवळी. चांगल्या होत्या, कोऱ्या.

"पोरी, तोंडातून शब्द काढू नको. पोऱ्या आसंल तं हिरवी ठेव. पोरगी आसंल तं पिवळी ठेव. दुसरी मना परत दे. कुनाला कलनार पन न्हाय."

मला तर काहीच माहीत नव्हतं. मी तक्त्याकडे बघत बसलेली असते. पण समोर साड्या बघताच माझ्या लक्षात आलं. हाच तो इतर प्रकार! मी दोन्ही साड्या उचलल्या आणि दोन्ही त्यांच्या पिशवीत कोंबल्या.

जनीबाय पिशवीकडे बघत राहिल्या. मग मटकन खाली बसल्या.

"दोनी परत? म्हंजे दोन हायेत? येक पोऱ्या नं येक पोरगी?"

बोलता बोलता ही बातमी वडप्याला पोचली असती. मॅडम हातमोजे घालूनच बाहेर धावल्या. "एकच आहे, जनीबाय. एकच बाळ आहे. एवढं सांगायला मला परवानगी आहे."

"मंग दोनी साड्या कशाला परत केल्या? चांगल्या हायेत की त्या."

*

शबाना सिस्टरचा मुलगा दहावी पास झाला. त्यांनी पेढे आणले आणि आनंदाच्या भरात बाहेर बसलेल्यांनाही वाटले. बाहेर एक लूमवाला बसला होता. बायको आत तपासायला गेलेली. सिस्टरने हसत हसत त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि निघून गेल्या.

मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, हे भिवंडीत नवीन आलेल्यालाही आठवड्यात कळतं. त्याने पेढा कपाळाला लावला आणि गावी फोन लावला. "अम्मी, लड़का है. सिस्टर ने खुद पेड़ा खिलाया."

मी घाबरून मॅडमना बोलावलं. मॅडम आल्या. "भाई, हमने कुछ नहीं बताया. ये पेड़ा सिस्टर का बेटा पास हुआ उसका है."

तो बिचारा फोनमध्ये म्हणाला, "अम्मी, रुको. लड़का है, मगर सिस्टर का है."

त्या दिवसापासून हॉस्पिटलात पेढा बंद, बर्फी बंद, जिलेबीसुद्धा बंद. वाढदिवस असो, लग्न ठरो, फरसाण आणायचं. आमच्याकडे आनंद खारा असतो.

*

आमच्या सरकारी तपासणीसाठी कधीकधी साध्या वेशातली बाई पाठवतात असं ऐकलंय. ती गोड बोलून विचारते, तुम्ही बोललात की मशीन सील. त्यामुळे गोड बोलणारी बाई दिसली की मी आधी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवते.

एक बाई आली. नीटनेटकी, पर्स वगैरे. इकडेतिकडे बघून माझ्या कानाशी वाकली. "मॅडम, जरा सांगाल का? कुणाला कळणार नाही असं."

मी उभीच राहिले. "असलं काही आम्ही सांगत नाही. कायद्याने गुन्हा आहे."

तिने सगळ्यांसमोर विचारलं, "बाथरूम कुठे आहे हे सांगणं?"

*

नावं न सांगण्याचंही तसंच. कुठली बाई आमच्याकडे आली, कशासाठी आली, हे कुणालाही सांगायचं नाही. त्यातून गर्भपातासाठी आलेली असेल तर तिचं नाव फुटणं हा गुन्हाच. मॅडम म्हणाल्या, "कोण कशासाठी येतं हे लोकांनी ओळखू नये, म्हणून सगळ्यांना एकच उत्तर द्यायचं."

एकदा माझी सख्खी मावशी आली. गुडघे दुखतात म्हणून ऑर्थोकडे निघाली होती, चुकून आमच्या मजल्यावर आली. मी तिला विचारलं, "नाव?"

रात्री जेवताना आईने विचारलं, "आज माझी बहीण आली होती ना गं?"

"ते मी सांगू शकत नाही."

"अगं, तिनेच फोन करून सांगितलं. रडत होती. म्हणाली, पोरीने मला ओळख दाखवली नाही, वर वय विचारलं."

*

पडघ्याला महिला मेळावा होता. मॅडमना भाषणाला बोलावलं, विषय 'स्त्रीचे आरोग्य आणि कायदा'. मी सोबत गेले. जनीबायचं माहेर तिथलंच, त्यामुळे त्या पहिल्या रांगेत.

भाषणाआधी अध्यक्ष मॅडमना बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, सगळं बोला. फक्त तो गर्भपात शब्द तेवढा नको. घरंदाज बायका आल्यात."

मॅडम म्हणाल्या, "मग कायद्याचं काय बोलू?"

"कायदा बोला ना. शब्द नको."

मॅडमनी रक्त वाढवण्यावर बोलून घेतलं, पालेभाज्यांवर बोलून घेतलं. मग मागून एक बाई उठली. "बाय, पोर नको आसंल तं नवऱ्याची सही लागतं का?"

मॅडमनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी छताकडे पाहिलं.

"नाही," मॅडम माईकवर म्हणाल्या. "सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते. आणि बाईला मूल हवं असेल तर तिचा गर्भपात..."

माईक बंद झाला. लाईट गेली नव्हती, पंखे फिरत होते. फक्त माईक.

सभागृह एवढं शांत झालं की मी दचकले. मॅडमनी माईक बाजूला सारला आणि उरलेलं वाक्य तसंच पूर्ण केलं. "...तिचा गर्भपात नवरा, सासू, कुणीही करवू शकत नाही. तो गुन्हा आहे." मघाशी माईकवर मागच्यांना नीट ऐकू येत नव्हतं. आता शेवटच्या रांगेतल्या म्हातारीनेसुद्धा मान हलवली.

चहाच्या वेळी जनीबाय मॅडमसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, तिथं तुमचा माईक बंद केला, तरी तुमी बोलल्यात. नं तुमच्या खोलीत माईक न्हाय, अध्यक्ष न्हाय, आमी पाया पडतंय, तरी तुमी बोलत न्हाय. हा कंचा कायदा?"

मॅडमनी त्यांना बिस्किट दिलं. खारं.

*

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी. सविता टेबलावर, जनीबाय पडद्याच्या बाहेर, मी भिंतीकडे. मॅडम अंजुरफाट्याच्या खड्ड्यावर आल्या होत्या. मागे लूम खडखडत होते.

आणि लाईट गेली. मशीन यूपीएसवर चालू राहिलं, पण मागचे सगळे लूम एका क्षणात थांबले. मी खुर्चीसकट उडाले. "आई गं! अरे देवा!"

जनीबाय नेहमी काहीतरी विचारतात. आज त्यांना माझ्या ओरडण्यातच उत्तर मिळालं. मी बाहेर आले तेव्हा त्या जिन्यात उभ्या राहून मुलाला फोन करत होत्या. "गाडी घेऊन यं. आज दुसरीकडं जायचं हाय."

सविता पोट पुसत बाहेर आली. तिने ते ऐकलं. ती माझ्याकडे बघून फक्त "ताई" म्हणाली आणि बाकड्यावर बसली.

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी मॅडमना म्हणाले, "मॅडम, सांगा ना त्यांना, की तसं काही नाहीये म्हणून."

"तसं नाही म्हटलं, तर मग कसं आहे?" मॅडम म्हणाल्या. "नाही म्हणणं हेसुद्धा सांगणंच झालं. आणि आज नाही म्हटलं, तर उद्या दुसरीच्या वेळी गप्प बसल्यावर तिच्या घरचे काय समजतील?"

त्यांनी हातमोजे काढले. मग जिन्यात गेल्या.

"जनीबाय, तुमचा चेहरा लाल दिसतोय. बीपी बघावा लागेल. प्रज्ञाच्या शेजारी बसा, मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

"मना काय झायलंय?"

"तेच बघायचंय."

जनीबाय माझ्या शेजारी बसल्या. फोन वाजला, मी दचकले. कुरियरवाल्याने टेबलावर पाकीट आपटलं, मी दचकले. पाणीवाल्याने जार ठेवला, माझ्या हातातला स्टेपलर उडाला. लाईट आली, लूम सुरू झाले, मी पुन्हा "आई गं". जनीबाय हळूहळू माझ्याकडे वळून बसल्या. औषध कंपनीचा एक माणूस मागून येऊन "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणाला आणि मी त्याच्या अंगावर चहा सांडला.

जनीबायने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ह्याच्या पन पोटात पोरगी हाय का?"

तो माणूस दोन पावलं मागे सरकला.

गाडी आल्याचा हॉर्न खालून वाजला. मी दचकले. जनीबाय उठल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "पोरी, तुजी आय तुना कुठं दाखवत न्हाय का?" मग सविताकडे वळून म्हणाल्या, "चल घरी. ही पोर तं पंख्याला पन दचकतं. हिच्यावर कोन इश्वास ठेवल?"

त्यांचा बीपी कुणी मोजलाच नाही.

*

सविताचं बाळंतपण दुपारी झालं. सगळं नीट. बाळ मोठ्याने रडलं, माझ्यापेक्षा मोठ्याने. जन्म झाल्यावर सांगायला कायद्याची काही हरकत नसते. शबाना सिस्टर बाळाला दुपट्यात गुंडाळून दाराकडे निघाल्या, तर सविताने त्यांची बाही धरली.

"सिस्टर, तुम्ही नका सांगू. कुणीच नका सांगू."

दारातून जनीबायचा आवाज आला. "काय झायलं गं?"

"सांगायला बंदी आहे," सविता म्हणाली.

"आता कसली बंदी? जीव बाहेर आलाय ना?"

"मग घ्या मांडीवर, आई. तुमचं तुम्ही बघा."

जनीबाय आत आल्या. खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. सिस्टरने बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. बाळाने एक जांभई दिली. जनीबायने दुपट्याच्या टोकाला हात लावला आणि तो हात तसाच राहिला.

आम्ही बाहेर आलो. मॅडमनी चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर मला राहवेना, म्हणून मी दार किलकिलं करून बघितलं.

सविता झोपली होती. खिडकीतून ऊन येत होतं आणि जनीबाय पदर धरून ते अडवत बसल्या होत्या. दुपटं सिस्टरने गुंडाळलं होतं तसंच होतं. एक घडीसुद्धा हललेली नव्हती.

मी विचारलं, "बघितलंत का?"

"हलू बोल."

तेवढ्यात त्यांच्या कमरेचा फोन वाजला. त्यांनी एका हाताने तो काढला. पलीकडे मुलगा होता. मागे ट्रेलरचे हॉर्न वाजत होते, तरी त्याचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. "आय, काय झायलं?"

जनीबायने मांडीकडे बघितलं.

"झोपलंय," त्या म्हणाल्या, आणि फोन बंद केला.